मानेतलं ब्लॉकेज: चिरून साफ करायचं की स्टेंट बसवायचा?

आपल्याकडे अनेक घरांत कुणाच्या तरी हृदयात एखादा स्टेंट असतो. त्यामुळे ‘मानेच्या नसेत ७५ टक्के ब्लॉकेज आहे, ऑपरेशन करता येईल किंवा स्टेंट’ असं डॉक्टरांनी म्हटलं, की घरच्यांचं मत लगेच स्टेंटकडे झुकतं. कापाकापी नाही, दोन दिवसांत घरी. मानेच्या बाबतीत मात्र हा हिशेब चुकू शकतो.

हृदयात चिंता असते रक्त कमी पोचण्याची. मानेत ती बहुतेकदा कचऱ्याची असते. मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीला जिथे दोन फाटे फुटतात, तिथे कोलेस्टेरॉलचा थर साचतो. तो फुटला की त्याचा चुरा आणि त्यावर धरलेल्या गुठळ्या वाहत जाऊन मेंदूत अडकतात. पाच-दहा मिनिटं हात लुळा पडून पुन्हा नीट होणं, एका डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखं होणं, ही त्याचीच लक्षणं. कधीकधी तर नेत्रतज्ज्ञाला डोळ्याच्या बारीक धमनीत चकाकणारा पिवळसर कण चक्क दिसतो. म्हणून कोणता उपाय लहान, हे विचारून उपयोग नाही. कोणत्या उपायात चुरा कमी उडतो, ते विचारायला हवं.

ऑपरेशनमध्ये सर्जन धमनी खाली-वर चिमट्यांनी बंद करतो, उघडतो आणि थर सोलून काढतो. स्टेंटची तार सहसा जांघेतून, महाधमनीच्या कमानीतून वर चढते. उतारवयात ही कमानही थरांनी खडबडीत झालेली असते, आणि तार तिथूनच घासत जाते. चुरा पकडायला पुढे छत्रीसारखी जाळी उघडतात खरी, पण सहसा ती जाळीसुद्धा आधी त्या अरुंद जागेतूनच पलीकडे न्यावी लागते!

या दोन उपायांची तुलना करणाऱ्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या क्रेस्ट चाचणीत सुमारे २,५०० रुग्ण होते. उपचाराच्या सुमारास पक्षाघात झाला तो स्टेंटवाल्यांपैकी ४.१ टक्क्यांना, ऑपरेशनवाल्यांपैकी २.३ टक्क्यांना. हार्ट अटॅकचं उलट: स्टेंटमध्ये १.१, ऑपरेशनमध्ये २.३. साधारण सत्तरीच्या पुढे ऑपरेशनचं पारडं जड होत गेलं. म्हणजे ‘वय झालंय, कशाला कापायचं’ हे आपलं नेहमीचं वाक्य इथे उलटं पडतं.

तरी स्टेंटची जागा आहेच. मानेला पूर्वी रेडिएशन दिलेलं असेल, तिथे आधीच ऑपरेशन झालेलं असेल, ब्लॉकेज जबड्यामागे फार वर असेल किंवा हृदय फारच कमकुवत असेल, तर मीही स्टेंटच म्हणेन. ऑपरेशनमध्ये आवाज घोगरा होणं, जीभ एका बाजूला वळणं असे मज्जातंतूंचे त्रास होऊ शकतात. बहुतेक वेळा ते ओसरतात.

आणि नुसत्या गोळ्या? स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी), रक्त पातळ करणारी गोळी, बीपीवर ताबा आणि तंबाखूबंदी दोन्ही वाटांवर लागतातच. ब्लॉकेज ५० टक्क्यांच्या आत असेल तर तेवढंच पुरे. पण लक्षणं दिसलेली असताना ब्लॉकेज ७० टक्क्यांच्या वर असेल, तर १९९१ च्या नॅसेट चाचणीचे आकडे पाहा: दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात फक्त औषधांवर २६ टक्क्यांना झाला, ऑपरेशन केलेल्यांत ९ टक्क्यांना. त्या काळी औषधं आजच्याइतकी चांगली नव्हती, हे मान्य. तरी फरक मोठाच आहे.

सर्जनला एक विचारा: वर्षाला अशी किती ऑपरेशन्स करता, आणि त्यांतल्या किती जणांना पक्षाघात झाला? अशी लक्षणं दिसल्यावर दोन आठवड्यांत ऑपरेशन झालं तर फायदा सर्वाधिक असतो. दुसरं मत घ्यायचं असेल तर ते याच आठवड्यात घ्या.