टाटातल्या मुलांची दिवाळी: खेळणी न्यायची, यादी मागवायची की पैसे द्यायचे?

नवरात्र संपत आलं की सोसायटीच्या नाहीतर ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी लिहितं, "यंदा परळला टाटा रुग्णालयातल्या लहान मुलांसाठी काहीतरी करू या." वर्गणी पटकन जमते. अडतं ते पुढे: द्यायचं काय आणि कसं? लोक साधारण तीन वाटा धरतात. स्वतः जाऊन खेळणी आणि फराळ वाटायचा, सोशल वर्करमार्फत मुलांची यादी मागवून नेमकं तेच द्यायचं, किंवा संस्थेच्या खात्यात पैसे भरायचे.

निवड करण्याआधी त्या घरांची स्थिती डोळ्यांसमोर आणा. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळतो रक्ताचा कर्करोग, आणि त्यातल्या नेहमीच्या प्रकाराचे उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. म्हणजे किमान दोन दिवाळ्या उपचारांतच जातात. बरीच कुटुंबं उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, बंगालमधून आलेली असतात, तशीच जळगाव, बीड, यवतमाळकडूनही. आईवडील आजारी लेकराला घेऊन मुंबईत, बाकीची भावंडं गावाला आजीजवळ. रोजंदारी बुडालेली.

स्वतः जाऊन वाटण्यात देणाऱ्याला समाधान सर्वांत जास्त मिळतं, आणि अडचणीही याच वाटेवर सर्वांत जास्त आहेत. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटतात, तेव्हा पाहुण्याची साधी सर्दीही मुलाला महागात पडते. म्हणून वॉर्डात बाहेरच्या माणसांना सहसा सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. घरचा किंवा सुट्टा विकतचा फराळ बहुतेक मुलांना चालत नाही. तोंड आलेल्या मुलाला चकली चावता येत नाही, हे तर डबे भरताना कुणाच्या ध्यानातही येत नाही. केसाळ टेडीत धूळ बसते, म्हणून तोही बाजूला पडतो. वयावरून कपडे घ्यावेत, तर स्टेरॉइडने अंग सुजलेलं असतं किंवा वजन उतरलेलं असतं, माप चुकतंच. सगळ्यांना एकसारखं घ्यायचं म्हणून चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात बाहुली येते. आणि फोटो! टक्कल पडलेल्या, मास्क लावलेल्या मुलाचा चेहरा आपल्या ग्रुपवर फिरवायचा हक्क आपल्याला कुणी दिला? आईबाप नाही म्हणू शकत नाहीत, एवढंच.

मला यात सर्वांत जास्त खुपतं ते वेगळंच. अनोळखी माणसं येऊन मुलाला भेट देतात आणि त्याचा बाप बाजूला हात जोडून उभा राहतो. सणाला लेकराला काही घ्यायचं, हे त्याच्या वाट्याचं काम असतं.

यादीच्या वाटेवर ते काम त्याच्याकडे परत जातं, म्हणून माझा कल तिकडेच आहे. रुग्णालयातल्या किंवा निवासी संस्थेतल्या सोशल वर्कर पालकांना विचारतात: मुलाला काय हवं, गावाकडच्या भावंडांना काय हवं, तुम्हाला काय लागतं? उत्तरं चकित करतात. पुढून बटणं असलेला शर्ट, कारण छातीत किंवा हातात नळी बसवलेली असते. इअरफोन, रंगपेट्या, मोबाइलचा रिचार्ज, छोटा कुकर, मोहरीचं तेल. बिहारी आईला दिवाळीपेक्षा तिच्यानंतर सहा दिवसांनी येणारी छठ जवळची असते. मुस्लिम घराला तीच भेट ईदला दिली तर जास्त भावते. वस्तू वेष्टनात न बांधता, कागद आणि फितीसकट पालकांकडे द्यायच्या. मुलाला देतील ते तेच. भावंडांची भेट कधीच विसरू नये. घरातलं सगळं लक्ष एका मुलाकडे गेल्यावर बाकीची मुलं गप्प होतात.

मात्र या वाटेला निदान तीन-चार आठवडे लागतात, आणि तुमच्याकडून एकच माणूस बोलणारा हवा. प्रत्येक मुलामागे रक्कम सारखी ठेवा, कारण मुलं शेजारच्या खाटेवर काय आलं ते बघतात. यादी ऐनवेळी बदलते. कुणी गावी जातं, कुणी आयसीयूत असतं, आणि कधी एखादं मूल राहिलेलं नसतं. सोशल वर्कर एखादं नाव गाळायला सांगतील तेव्हा कारण विचारू नका.

पैशांची वाट सर्वांत साधी. सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स २००६ पासून आणि अ‍ॅक्सेस लाइफ २०१४ पासून अशा मुलांना पालकांसह राहायला जागा देतात. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती मराठी माणसाला सांगायला नकोत. टाटातल्या मुलांच्या उपचारांसाठी आणि आधारासाठी इम्पॅक्ट फाउंडेशन आहे. दिवाळीत सगळे देतात, पण भाडं, बसचे पैसे आणि दूध फेब्रुवारीतही लागतं; तिथे पैसाच कामी येतो. करसवलत जुन्या करपद्धतीतच मिळते, २००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही आणि वस्तूंना तर नाहीच. पालकांच्या हातात थेट नोटा मात्र देऊ नयेत. कुणाला किती मिळाले यावरून कुरबुर होते आणि निस्तरावी लागते सोशल वर्करना.

तेव्हा दिवाळीला पंधरा दिवसच उरले असतील तर निमूटपणे पैसे भरा. महिना हाताशी असेल आणि फोन उचलणारा एक धीराचा माणूस असेल तर यादी मागवा. भेटायला जायचं ते संस्थेने बोलावलं तरच, आणि तेही निवासाच्या ठिकाणी, मुलांबरोबर आकाशकंदील करायला.

वर्गणी जमत नसेल, तरी हात रिकामे नसतात. दान केलेल्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, जेमतेम पाच दिवस टिकतात आणि दिवाळीच्या सुट्टीत रक्तदाते गावी गेलेले असतात. केमोवरच्या मुलांना मात्र त्या रोज लागतात. सोसायटीतले चार-पाच निरोगी सभासद भाऊबीजेच्या आसपासच्या वेगवेगळ्या दिवशी प्लेटलेट्स द्यायला तयार झाले तर रक्तपेढीला फार मोठी मदत होते. मशीनवर तास-दीड तास जातो. तीन दिवस आधीपासून अ‍ॅस्पिरिन घेतलेली नसावी. रक्तपेढीला आधी फोन करून वेळ ठरवा, म्हणजे सगळे एकाच दिवशी जाणार नाहीत.