टमी टकनंतरचे पहिले दहा दिवस: आपल्याच घरी राहावं की माहेरी जावं?

मागच्या वर्षी मी टमी टक केलं, म्हणजे पोटाची सैल कातडी काढून आतले स्नायू शिवण्याचं ऑपरेशन. दोन सिझर झालेली, पोटाचे स्नायू मधून फाकलेले, व्यायामाने जे व्हायचं ते होऊन गेलेलं. त्यानंतर सहा महिन्यांनी धाकट्या बहिणीने मांड्यांचं लायपो (चरबी ओढून काढणं) केलं. मी पुण्यात कोथरूडला आमच्याच घरी राहिले, ती तिसऱ्या दिवशी साताऱ्याला आईकडे गेली. आता ओळखीत कुणी हे करायचं म्हटलं की आम्हा दोघींना फोन येतो, आणि ती सांगते सरळ माहेरी जा, मी सांगते अजिबात जाऊ नकोस, आणि गंमत म्हणजे दोघीही आपापल्या जागी बरोबर आहोत.

कारण दोन्ही ऑपरेशनं वेगळी आहेत. लायपोमधे आधी भरपूर पाणी टोचून मग चरबी ओढतात, त्यातलं उरलेलं लालसर पाणी पहिले एक-दोन दिवस भोकांमधून झिरपत राहतं. दिसायला भयंकर, म्हणजे बहिणीने पहिल्या रात्री गादीवर प्लॅस्टिक आणि त्यावर जुन्या साड्या घातलेल्या तरी चादर भिजली, पण ते झिरपणं अपेक्षितच असतं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बंद झालं. तिला ड्रेन (आतलं पाणी बाहेर काढणारी नळी) नव्हता. टमी टकमधे कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत टाके, आत स्नायू शिवलेले, आणि माझ्या बाबतीत दोन ड्रेन. नळीच्या टोकाला डाळिंबाएवढा प्लॅस्टिकचा फुगा, तो गाऊनला सेफ्टी पिनने अडकवून फिरायचं. (सगळेच सर्जन ड्रेन ठेवत नाहीत, आधी विचारून घ्या, त्यावर बरंच ठरतं.)

आता माझ्या घरच्या बाजूने एकच गोष्ट सांगते, मग ठरवा. चौथ्या रात्री, माझ्याकडे बघायला नर्सिंग ब्युरोतून ठेवलेल्या मावशींनी ड्रेन रिकामा केला आणि बूच लावलं. सकाळी नवऱ्याने मापलं तर उजवीकडे जेमतेम ५ मिली, आदल्या सकाळी ४० होतं. आम्ही खुश, कारण आमच्या डॉक्टरांचा हिशोब असा होता की २४ तासांत ३० मिलीच्या खाली आलं आणि दोन दिवस तसंच राहिलं की नळी काढायची. कालनिर्णयवर तारखेच्या चौकटीत तो आकडा लिहायला गेला आणि परत येऊन म्हणाला, अगं हा फुगा गोल कसा काय आहे? फुगा चेपून, चेपलेला धरूनच बूच लावायचं असतं, तरच तो आतलं पाणी ओढतो. मावशींनी न चेपताच लावलेलं. रात्रभर ओढच नव्हती आणि पाणी नळीच्या बाजूने झिरपून ड्रेसिंग ओलं झालं होतं. डॉक्टरांना फोटो पाठवला, त्यांनी बोलावलं, रिक्षाने १५ मिनिटांत पोचलो, तासाभरात परत घरी. हेच साताऱ्यात झालं असतं तर? ११० किलोमीटर, मधे खंबाटकी घाट, आणि गाडीत वाकून बसलेली मी. तिथल्या डॉक्टरकडे जाता येतं की, पण दुसऱ्याने केलेल्या टाक्यांना हात लावायला कुणी पटकन तयार होत नाही.

मावशींवर राग नाही हं, त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. ब्युरोला फोन करताना ड्रेन सांभाळलेली बाई हवी असं स्पष्ट सांगा, आणि डिस्चार्जच्या वेळी नर्स दाखवते तेव्हा रात्री जागणाऱ्या माणसाला समोर उभं करा. सकाळी भेटायला येणारं नको, रात्री जागणारंच.

माहेरचं सुख मात्र माहेरचं. पोरं आपोआप सांभाळली जातात, आणि हे टमी टकवालीला फार मोठं आहे कारण आम्हाला सहा आठवडे ४-५ किलोच्या वर काही उचलायचं नाही असं सांगितलेलं. धाकट्याला हे कळत नाही, तो धावत येऊन पोटावर आदळतोच, मी तर पहिला आठवडा पोटावर उशी धरूनच बसायचे. जेवण गरम मिळतं. पेनकिलरने पोट घट्ट होतं हे आईला न सांगता कळतं, रात्री इसबगोल आणि पपई समोर हजर.

पण आईच्या दृष्टीने पोटाचं ऑपरेशन म्हणजे बाळंतीणच. डिंकाचे लाडू ठीक आहेत, वजनाचं नंतर बघू, पण शेक? बहिणीच्या मांड्यांना आठवडाभर नीट संवेदनाच नव्हती, आणि आई गरम पाण्याची पिशवी घेऊन उभी. बधिर कातडीला चटका बसतो तो कळतच नाही, थेट फोड दिसतो. तेल-मालिशचंही तेच, डॉक्टर सांगत नाहीत तोवर नाही. बहीण भांडू शकते, मला जमलं नसतं.

दुसरं, संडास. आमच्या साताऱ्याच्या घरी भारतीय पद्धतीचा, तोही मागच्या अंगणात. टमी टकनंतर उकिडवं बसणं विसरा. बहिणीसाठी कमोडची खुर्ची आणली आणि तिचं भागलं. आणि पलंग बुटका असेल तर उठताना जीव जातो, मला कंबरेत वाकून झोपायचं होतं, पाठीला तीन उशा, गुडघ्याखाली लोड. आमच्याकडे शेजारच्या आजोबांची आरामखुर्ची मागून आणली, पहिल्या पाच रात्री त्यातच काढल्या.

आमच्या घराची वाईट बाजू म्हणजे तिसरा मजला, लिफ्ट नाही. एका एका पायरीला थांबत चढले, २० मिनिटं लागली. आणि लपवाछपवी. सोसायटीत हर्निया सांगितलं, मग सगळ्या बायका हर्नियाचे किस्से घेऊन हजर. माहेरी तर गल्लीच हजर असते.

हॉस्पिटलमधेच दोन रात्री जास्त राहणं हा तिसरा पर्याय, चांगला आहे पण महाग. कॉस्मेटिकला मेडिक्लेम मिळत नाही, वर १८ टक्के जीएसटी, सगळं खिशातूनच.

तर माझं मत: ड्रेन असेल तर तो निघेपर्यंत सर्जनच्या गावातच राहा, जिना असला तरी. निघाला की खुशाल माहेरी जा, मी बाराव्या दिवशी गेलेच. नुसतं लायपो असेल तर पहिलं ड्रेसिंग दाखवून, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर जायला हरकत नाही, पण वाटेत उतरून चाला. बहीण शिरवळला आणि परत भुईंजला उतरून दहा-दहा मिनिटं चालली, पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली किंवा धाप लागली तर उद्या बघू नाही, लगेच जवळचं हॉस्पिटल, मग तुम्ही पुण्यात असा की साताऱ्यात. ताप १०१ च्या वर गेला किंवा एक बाजू एकदम टम्म फुगली तर सर्जनला फोन, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी.

आणि ऑपरेशननंतर बांधलेला घट्ट पट्टा पहिल्यांदा काढाल तेव्हा बसून काढा, कुणीतरी समोर हवं. बहिणीने बाथरूममधे उभ्याने काढला आणि भोवळ येऊन आईच्या अंगावर गेली, अजून आई तेच सांगत असते सगळ्यांना, ऑपरेशन हिचं आणि पाठ माझी धरली.