हडसनच्या दोन काठांवरचे दोन गव्हर्नर

मधे फक्त हडसन नदी, पण समलिंगी विवाहाबाबत दोन राज्यांत वारे वेगळे होते. न्यूयॉर्कचे तेव्हाचे गव्हर्नर अँड्र्यू कुओमो डेमोक्रॅट. राज्याचं सिनेट (विधिमंडळाचं वरिष्ठ सभागृह) रिपब्लिकनांच्या हातात असूनही त्यांनी विधेयक रेटलं. 24 जून 2011 ला ते 33 विरुद्ध 29 मतांनी पास झालं, चार रिपब्लिकन फुटले म्हणूनच. कुओमोंनी त्याच रात्री सही केली.

न्यू जर्सीत (आपल्या मराठी मंडळींचं एडिसन इथलंच) उलट झालं. विधिमंडळाने मंजूर केलेलं विधेयक तिथले तेव्हाचे रिपब्लिकन गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टींनी फेब्रुवारी 2012 मध्ये नकाराधिकार वापरून परत पाठवलं. सार्वमत घ्या, म्हणाले. 2007 पासून तिथे समलिंगी जोडप्यांना 'सिव्हिल युनियन'ची (लग्न न म्हणता लग्नासारखे हक्क देणाऱ्या कायदेशीर नोंदणीची) सोय होतीच, तेवढी पुरे असं त्यांचं मत. ऐकायला लोकशाहीवादी; पण अल्पसंख्याकांचे हक्क बहुमताला विचारून ठरवायचे, हे मला पटत नाही.

अखेर कोर्टानेच निकाल दिला. ऑक्टोबर 2013 मध्ये तिथे लग्नं सुरू झाली, आणि ख्रिस्टींनी अपील मागे घेतलं. मतं मोजून जोखीम घेणारे कुओमोही राजकारणीच, पण त्यांच्या राज्यातल्या जोडप्यांना कोर्टाची वाट पाहावी लागली नाही.