प्रिन्स्टनची जुनी वर्तमानपत्रं: फुकट आणि मनापासून शिफारस

प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयाने विद्यार्थ्यांची जुनी वर्तमानपत्रं इंटरनेटवर खुली केली आहेत. वाचायला नोंदणी नाही, पैसे नाहीत. मी तिथे मुख्यतः ‘प्रिन्स्टोनियन’ वाचते. १८७६ साली निघालेलं हे पत्र १८९२ मध्ये दैनिक झालं. तेव्हा विद्यापीठाचं नावही वेगळं होतं, कॉलेज ऑफ न्यू जर्सी. आजचं नाव १८९६चं.

पूर्ण पान जसंच्या तसं दिसतं, हे मला सगळ्यात आवडतं. बेसबॉलचा निकाल, गायकवृंदाच्या सूचना, शिंप्यांच्या जाहिराती, सगळं शेजारीशेजारी. इतिहासाच्या पुस्तकात प्राध्यापक आणि इमारती भेटतात. इथे मुलं भेटतात, फुटबॉलसाठी जीव टाकणारी. मुलंच, कारण मुलींना पदवीसाठी प्रवेश मिळायला १९६९ उजाडलं. वाचताना हे सतत जाणवतं, आणि राग येतो.

शोधही चांगला चालतो. जुन्या पुसट छपाईत यंत्राने वाचलेली अक्षरं चुकली, तर वाचकाला पानाशेजारी दिसणाऱ्या मजकुरात ती सुधारता येतात. मी एक अख्खा स्तंभ दुरुस्त केला, फार समाधान वाटलं. मोबाईलवर मात्र वाचू नका. त्या बारीक टायपाला मोठा पडदाच हवा.