वाढत्या घोडीसाठी पट्टी बदलता येणारं सॅडल: अकरा महिन्यांनंतर

बारा रुपयांच्या एका स्क्रूपायी आमची रेवा ऑक्टोबरमध्ये तीन आठवडे सॅडलशिवाय उभी राहिली. हे लिहायला घेतलं ते त्याच संतापात. तेव्हा सॅडलला दोन स्टार देणार होतो. आता डिसेंबर आहे आणि मत बदललंय, पण स्क्रूबद्दलचं नाही.

रेवा कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी अंगाची आणि काळ्या आयाळीची, मारवाडी घोडी. दोन वर्षांपूर्वी सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली तेव्हा अडीच वर्षांची बछेरी होती. नाशिकजवळ मखमलाबादच्या पुढे आमची द्राक्षबाग आहे, बागेच्या कडेलाच रेवाची पागा. बसते ती फक्त माझी चौदा वर्षांची मुलगी. घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं, सॅडल धरून, पाठीवर नको असं म्हणतात. अंगाभोवती धरून वजनाचा अंदाज देणाऱ्या टेपनं रेवाचं वजन ३१० किलो भरलं, म्हणजे मर्यादा ६२ किलोची. मुलगी ४४, सॅडल साडेपाच. माझं एकट्याचंच वजन ७८, त्यामुळे मी कधीच बसत नाही.

पहिलं सॅडल कानपुरी लेदरचं घेतलं होतं, आत लाकडी ट्री, म्हणजे सॅडलचा सांगाडा, माप फिक्स. साडेअठरा हजार. शाळेचा गणवेश घेतो तसा विचार केला: अंग वाढतंय, एक माप मोठं घेऊ, तीन वर्षं जाईल. घोड्याच्या पाठीवर हा हिशेब चालत नाही. रुंद ट्री पुढून खाली बसते आणि मानेमागच्या उंचवट्यावर टेकते. मी खाली आधी एक नुमना, म्हणजे सॅडलखालची गादी, घातला, मग दुसरा, मग घोंगडीची घडी. महिन्याभरात उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना सूज आली. सूज गेली, पण तिथे रुपयाएवढे दोन पांढरे ठिपके राहिले. दाबानं केसांचं मूळ दुखावलं की पुढचा केस पांढरा येतो, आणि तो बहुतेक तसाच राहतो. रोज खरारा करताना ते ठिपके दिसतात आणि वाईट वाटतं.

पंचवटीत ज्यांचा तांगा होता ते काका आमच्याकडे येतात. त्यांनी सगळे थर काढायला लावले आणि नुसतं सॅडल ठेवून उंचवटा आणि कमानीच्या मधे बोटं घालून दाखवली. मुलगी बसल्यावरही दोन-तीन बोटं सहज गेली पाहिजेत. एकही जात नव्हतं. ते म्हणाले, "घोडीला सहा वर्षं होईपर्यंत तिची पाठ तुमची नाही, दादा. ती रोज नवीन असते." नंतर वाचलं तेव्हा पटलं. पायांची हाडं लवकर पक्की होतात, कण्याची वाढ सगळ्यात शेवटी, साधारण साडेपाच-सहा वर्षांपर्यंत चालते. मधल्या काळात कधी मागचा भाग उंच होतो, कधी पुढचा, खांदा भरतो, उंचवटा वर येतो.

म्हणून जानेवारीत हे दुसरं घेतलं. सिंथेटिक, पुढची लोखंडी पट्टी, म्हणजे गलेट, बदलता येणारी. ३१ हजार, त्यात तीन पट्ट्या. माझ्यासाठी मोठी रक्कम, त्या वर्षी द्राक्षाला भावही नव्हता. पण पाच वर्षांत तीन फिक्स सॅडलं घेण्यापेक्षा स्वस्त.

मापाचं काम आम्ही घरीच करतो. वायरिंगची जाड तांब्याची तार खांद्याच्या हाडामागे दोन बोटांवर पाठीवर दाबून आकार घ्यायचा, तो द्राक्षाच्या पेटीच्या पुठ्ठ्यावर आखून कापायचा, वर तारीख लिहायची. दर सहा-आठ आठवड्यांनी. घोडी चारही पायांवर सरळ आणि सपाट जागी उभी हवी, मान खाली घातलेली चालत नाही. पागेच्या भिंतीवर आता सात पुठ्ठे टांगलेत. एकावर एक धरले की जे कळतं ते कुणी सांगितलं नव्हतं: माप एकाच दिशेनं वाढत नाही. मार्च ते मे रोज काम होतं तेव्हा पाठ भरली, मधली पट्टी काढून रुंद लावली. पावसाळ्यात दोन महिने काम बंद, स्नायू उतरले आणि ऑगस्टमध्ये पुन्हा मधली लावावी लागली. फिक्स सॅडल असतं तर ऑगस्टमध्ये परत तेच ठिपके. पट्टी घेताना एक लक्षात ठेवा: पट्ट्यांना मापाप्रमाणे रंग असतात, पण दोन कंपन्यांचा रंग जुळत नाही. रंग सांगून मागवू नका, मोजून मागवा.

पावसाळ्यात आणखी एक सुख. कानपुरी सॅडलवर जुलैत दर आठवड्याला हिरवट बुरशी, साबण आणि तेल लावून मुलगी कंटाळायची. हे पाण्यानं धुतलं, सावलीत टांगलं, झालं.

आता स्क्रू. पट्टी चार स्क्रूंवर बसते, एम६ म्हणजे ६ मिमी जाडीचे, डोकं बसकं, ४ मिमीच्या ॲलन कीचं, म्हणजे षटकोनी किल्लीचं. बसकं डोकं लागतंच, उंच असेल तर वर टोचेल. पण त्याची खाच उथळ असते. ऑक्टोबरमध्ये काम सुरू झाल्यावर रुंद पट्टी लावायला गेलो तर एक स्क्रू हलेना. घामातल्या मिठानं आत गंज धरला होता, आणि सोबत मिळालेली ॲलन की इतकी मऊ की दुसऱ्या झटक्यात खाच गोल झाली. विक्रेत्याला फोन केला. आधी म्हणाले वॉरंटी फक्त ट्रीला आहे. मग म्हणाले अख्खं सॅडल पार्सल करा, जाण्यायेण्याचा खर्च तुमचा, महिना लागेल. सुटे स्क्रू विकता का विचारलं, तर नवीन पट्टीसोबतच मिळतील, १,९०० रुपये. जी वस्तू विकलीच मुळी वारंवार उघडण्यासाठी, तिचा स्क्रू सुटा मिळत नाही! सहा फोन, चार मेल, तीन आठवडे. मुलगी रोज शाळेतून येऊन विचारायची, आज तरी आलं का उत्तर.

शेवटी अंबडच्या एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये सॅडल खांद्यावर टाकून गेलो. तिथल्या मुलानं गोल झालेल्या खाचेत टॉर्क्सचं, म्हणजे चांदणीच्या आकाराचं, बिट हातोडीनं ठोकून बसवलं आणि स्क्रू फिरवून काढला. पाच मिनिटं. पैसे घेतले नाहीत, त्याला घोडीचा फोटो हवा होता. शेजारच्या दुकानात ३०४ स्टेनलेसचे तसेच स्क्रू बारा रुपयांना एक. आठ घेतले, शिवाय एक चांगली ॲलन की. आता दर दोन महिन्यांनी, पट्टी बदलायची नसली तरी, चारही उघडतो, पुसतो, ग्रीस लावून हातानंच आवळतो. तुम्ही घेतलंत तर हे पहिल्या दिवशीच करा.

लिहायला घेतल्यापासून एक कमतरता नव्यानं दिसली आणि ती स्क्रूपेक्षा खरी मोठी आहे, हे मान्य करतो. पट्टीनं फक्त पुढची रुंदी बदलते. खालच्या पॅनलचा, म्हणजे पाठीवर टेकणाऱ्या गादीचा, आकार तोच राहतो, आणि माझ्या मॉडेलमध्ये आत फोम आहे. नोव्हेंबरात रेवा मागून वाढली, सॅडल पुढे सरकून खांद्यावर यायला लागलं. काम झाल्यावर सॅडल उतरवून पाहिलं तर खांद्यामागे दोन्हीकडे कोरडे पट्टे, बाकी पाठ ओली. कोरडा पट्टा म्हणजे बहुतेक तिथे दाब. सध्या पुढच्या भागात नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, पातळ तुकडे घालून समतोल केलाय, पट्टे गेलेत. लोकर भरलेलं पॅनल असतं तर कारागिरानं भरती कमीजास्त करून दिली असती. आज पुन्हा घ्यायचं झालं तर पट्टी बदलणारं आणि लोकरीचं, दोन्ही असलेलंच शोधेन, पाच-सात हजार जास्त गेले तरी.

लांबीही बघा. सॅडलचं मागचं टोक शेवटच्या, अठराव्या बरगडीच्या मागे जाता कामा नये. मारवाडी घोडी उंच दिसते पण आमचीची पाठ आखूड आहे. १७ इंची सीट मुलीला ऐसपैस झाली असती, आम्ही १६ घेतली.

चार स्टार. एक कापला तो विक्रेत्याच्या वागण्यासाठी, फोमसाठी नाही. कालच आठवा पुठ्ठा कापला, सातव्याशी तंतोतंत जुळला. पट्टी तशीच ठेवलीय, स्क्रूंना ग्रीस केलंय.