स्टोमाचा हर्निया 'आत घालणारा' बेल्ट: साडेचौदा हजार गेले आणि आतडं थोडक्यात वाचलं

हे लिहायला मला चार महिने लागले, कारण लिहायचं म्हणजे आधी हे सांगावं लागतं की माझ्या पोटावर शौचाची पिशवी आहे, आणि ते आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या गल्लीत दोन घरं सोडली तर कोणाला माहीत नाही. पण मागच्या आठवड्यात ओझरहून एका ताईंचा फोन आला, त्यांचं पण माझ्यासारखंच ऑपरेशन झालंय, आणि ज्याने मला फसवून बेल्ट विकला त्याच माणसाला सहा हजार ॲडव्हान्स दिलेत म्हणाल्या. मग म्हटलं आता लाजून चालणार नाही.

माझं २०२१ ला गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, शौचाची खालची जागाच काढून टाकावी लागली आणि मोठ्या आतड्याचं टोक पोटाच्या डाव्या बाजूला बाहेर काढून शिवलं. त्याला स्टोमा म्हणतात. पिशवी कायमची. तेही अंगवळणी पडलं होतं. पुढच्या हिवाळ्यात महिनाभर खोकला झाला आणि मग उन्हाळ्यात वर्षाचे गहू आले, पोतं मुलाने आत आणलं पण डबे मीच भरले आणि मीच कोपऱ्यात सरकवले, आणि त्यानंतर कधीतरी आंघोळ करताना स्टोमाच्या बाजूला लिंबाएवढा फुगवटा हाताला लागला. वर्षभरात तो मोसंबीएवढा झाला. आडवं पडलं की आत जायचा, ओट्यापाशी तासभर उभं राहिलं की परत बाहेर. साडी नेसली की निऱ्यांच्या बाजूला पोट एकीकडूनच पुढे दिसायचं. मी हळदीकुंकवाला जाणं सोडलं, भिशी सोडली, आणि डिसेंबरमध्ये भाचीचं लग्न होतं पंचवटीत, त्याचीच धास्ती घेतली होती.

डॉक्टरांना दाखवलं तर म्हणाले हर्निया आहे, अडकत नाहीये तोवर ऑपरेशनची घाई नको, बेल्ट वापरा. कुठला बेल्ट, कुठून घ्यायचा, कसा बांधायचा हे त्या ओपीडीच्या गर्दीत राहूनच गेलं आणि मी पण विचारलं नाही.

मग मोबाईलवर एक व्हिडिओ आला. स्टोमा हर्निया, विना ऑपरेशन ९० दिवसांत आत, जर्मन टेक्नॉलॉजी, खाली नंबर. फोन केला तर बोलणं इतकं गोड, मावशी मावशी करून, कॉलेज रोडला आमचं ऑफिस आहे पण तुम्हाला त्रास नको मीच घरी येतो, दुपारी घरी कोण कोण असतं? हे शेवटचं त्याने का विचारलं ते मला तेव्हा कळलं नाही. हे आणि मुलगा दोघेही कामावर असतात म्हटल्यावर दुसऱ्याच दिवशी दुपारी हजर.

आता ही गोष्ट नीट वाचा. त्याने माझा स्टोमा बघितलाच नाही. गाऊनवरून, उभ्यानेच, टेपने कंबरेचं माप घेतलं आणि म्हणाला मावशी मी तुमच्या मुलासारखा, तुम्हाला अवघडायला नको. मला त्या वेळी इतकं बरं वाटलं! दोन वर्षं हॉस्पिटलमध्ये सगळ्यांसमोर पोट उघडं करून कंटाळलेलं माणूस, कोणीतरी न बघता काम करतोय म्हणजे सज्जन आहे असंच वाटलं. त्याने स्टोमा किती मिलिमीटरचा आहे विचारलं नाही, पिशवी एका पीसची की फ्लँज, म्हणजे पोटाला चिकटणारी चकती, वेगळी असलेली विचारलं नाही, आडवं पडल्यावर फुगवटा पूर्ण आत जातो का तेही नाही. वर सांगून गेला की डॉक्टरांना सांगू नका, ते ऑपरेशनच सांगणार, आणि घरच्यांना आत्ता नको, उगाच घाबरतात, एकदम फरकच दाखवा. मी खरंच कोणाला सांगितलं नाही. सहा हजार फोनवरून पाठवले, साडेआठ हजार बेल्ट घेताना रोख दिले, ते माझ्या भिशीचे होते. बिल मागितलं तर म्हणाला मापाची वस्तू आहे, कंपनीकडून येईल.

जो आला तो शालिमारला मेडिकलमध्ये पाचशेच्या आत मिळतो तो बाळंतपणानंतरचा पोटाचा पट्टा होता, मधे कात्रीने भोक पाडून काळ्या दोऱ्याने कड शिवलेली. भोक स्टोमापुरतंच, फ्लँजची रिंग पण त्यातून बाहेर येत नव्हती. तो म्हणाला रात्रंदिवस घालायचा, जेवढा घट्ट तेवढा फायदा.

दोन-तीन दिवसांतच शौच पिशवीत न पडता फ्लँजखाली पसरायला लागलं, कारण वरून दाबलेलं, त्याला खाली जायला जागाच नाही. जी फ्लँज चार दिवस टिकायची ती रोज बदलायला लागली, भोवतीची कातडी सोलवटली, रात्री जळजळ इतकी की झोप नाही. फोन केला की तो म्हणायचा आत जाताना असं होतंच, अजून घट्ट करा. मी केला.

एकोणिसाव्या रात्री पोटात कळा सुरू झाल्या. दिवसभर पिशवी रिकामी, मग उलटी. बेल्ट सोडून आरशात बघितलं तर माझा स्टोमा, जो एरवी ओठाच्या आतल्या बाजूसारखा लालगुलाबी असतो, तो जांभळा पडला होता. ह्यांना उठवलं आणि रडत रडत सगळं एका दमात सांगितलं. ते एक शब्द बोलले नाहीत, रिक्षा आणली. रात्री दोन वाजता मुंबई नाक्याच्या बाजूला एका हॉस्पिटलमध्ये पोचलो. नशीब असं की बेल्ट सुटल्यावर रंग हळूहळू परत आला आणि पहाटे पिशवीत यायला लागलं. सर्जन म्हणाले अजून उशीर केला असता तर आतडं कापायची वेळ आली असती. पोटात जोरात दुखणं, उलटी, पिशवीत काहीच न येणं आणि स्टोमा जांभळा किंवा काळा दिसणं, यातलं काही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, हे मी आता सगळ्यांना सांगते.

त्यांनीच मला कागदावर काढून दाखवलं. आतडं बाहेर काढायला पोटाच्या स्नायूतून वाट करावीच लागते, ती वाट पुढे सैल होते आणि शेजारचं आतडं तिथून कातडीखाली येऊन बसतं. खूप जणांना होतं हे, माझीच काही चूक नाही म्हणाले, आणि ते ऐकून मला तिथेच रडू फुटलं. ती वाट बाहेरून कितीही दाबली तरी बंद होत नाही. बंद करायची तर ऑपरेशन, आत जाळी बसवतात, आणि तरीही परत होऊ शकतो म्हणून उठसूट करत नाहीत. बेल्टचं काम फक्त आधार द्यायचं.

नंतर स्टोमा नर्सकडे, म्हणजे स्टोमाची काळजी शिकवणाऱ्या नर्सकडे गेले. नाशिकला नाही जमलं तर मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये स्टोमा क्लिनिक आहे, पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरून जाता येतं. माझ्या नर्सने आधी मला उभं केलं, मग बसवलं, मग झोपवलं, तिन्ही वेळा बघितलं, खोकायला लावलं. मग कळलं की फुगवटा वाढला तसा स्टोमाही पसरला होता, २८ चा ३५ मिलिमीटर झाला होता आणि मी दोन वर्षं जुन्याच मापाने फ्लँज कापत होते! भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं हवं. कडक फ्लँज फुगवट्यावर बसत नाही, मऊ घ्या आणि कडेला छोट्या चिरा द्या म्हणजे वळते. फुगवट्यामुळे स्टोमाची खालची बाजू दिसत नाही म्हणून आरसा. आणि बेल्ट सकाळी उठायच्या आधी, आडवं असतानाच, फुगवटा आत गेल्यावर बांधायचा, रात्री काढायचा, शौच पडायला मोकळीक राहिली पाहिजे. खोकताना, शिंकताना हाताने धरायचं. सिलेंडर, बादली, गव्हाचे डबे बंद.

पैशाचं म्हणाल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला पण मुलाने फोन केला. माझ्याकडे सहा हजारांचा स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज एवढंच, रोखीचा काहीच पुरावा नाही. कॉलेज रोडच्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान निघालं, ते दादा म्हणाले तुमच्याआधी अजून दोघं विचारत आले होते. नंबर बंद. अजून एक रुपया परत नाही आला.

भाचीच्या लग्नाला मी गेले. फुगवटा आहे तेवढाच आहे, साडी थोडी वर नेसते.

ओझरच्या ताईंना त्याच फोनवर सांगितलं की उरलेले साडेआठ देऊ नका आणि बेल्ट आला तरी घालू नका. त्या परवा घरी आल्या, दार लावून दोघींनी आरशात बघितलं, त्यांची फ्लँज पण जुन्याच मापाची, एका बाजूने कातडी लाल झालेली. त्यांनी पण नवऱ्याला सांगितलं नव्हतं. आता सांगितलंय. गुरुवारी सकाळी अकराची वेळ मिळालीय नर्सकडे, मी त्यांच्यासोबत जाणार आहे.