जुन्या घरातली वीज: नुसता बोर्ड बदलावा की सगळं वायरिंग?

फ्यूज वरचेवर जायला लागला की वायरमन दोन वाटा दाखवतो. किटकॅट (चिनीमातीचे जुने फ्यूज) काढून एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप पडून पुरवठा तोडणारा खटका) आणि आरसीसीबी (वीज जमिनीत गळू लागली की पडणारा खटका) असलेला डीबी, म्हणजे घरभर वीज वाटणारा बोर्ड, बसवायचा आणि वायरी आहेत तशा ठेवायच्या; नाहीतर सगळं वायरिंग नव्याने ओढायचं. मी आधी पहिलं केलं आणि दीड वर्षाने दुसरं.

पहिल्याचा मोह पडतो आणि तो चुकीचा म्हणवत नाही. काम दिवसात उरकतं, सामान हलवावं लागत नाही. फायदाही खरा आहे. आमच्या स्वयंपाकघराच्या फ्यूजमध्ये तीन पदरी पीळ दिलेली तांब्याची तार निघाली. ती वितळेपर्यंत भिंतीतली वायर कधीच करपली असती. शिवाय जुन्या बोर्डात न्यूट्रललाही, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेलाही, वेगळा फ्यूज होता. तो उडाला की दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज, म्हणजे जिवंत वीज, तसाच असतो, आणि माणूस वीज गेली समजून हात घालतो. तुमच्याकडे असा बोर्ड असेल तर तो आधी काढा, बाकीचा विचार मग करा. मात्र एमसीबी वायरीच्या जाडीला झेपेल तेवढ्याच अँपिअरचा घ्या. पडू नये म्हणून मोठा बसवला तर तीन पदरी तारेचीच गत.

मला त्रास झाला तो आरसीसीबीचा. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी प्रत्यक्षात 15च्या पुढे कधीही पडू शकतो, आणि जुन्या वायरिंगमधली थोडी थोडी गळती मिळून तिथवर सहज पोचते. हवा दमट झाली की आमचा पडायचा, बहुतेक वेळा रात्रीच. घरभर अंधार, फ्रीज बंद. टॉर्च घेऊन स्टुलावर चढायचं, खटका वर करायचा. कधी राहायचा, कधी हातातच पडायचा. सगळे प्लग काढून पाहिले. सगळे एमसीबी खाली केले तरी एखाद्या वेळी पडायचाच, आणि याचा उलगडा मला फार उशिरा झाला. साधा सिंगल-पोल एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि आमचा न्यूट्रल ओल्या भिंतीत अर्थला टेकत होता. असा दोष शोधायचा तर न्यूट्रल एकेक करून सोडवून मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावावा लागतो. तेवढा वेळ कुणी दिला नाही. एका वायरमनने तर सरळ सुचवलं, "आरसीसीबीच काढून टाकू, कटकट मिटेल."

माझा निर्णय तिथे झाला. शॉकपासून वाचवणारी एकच वस्तू घरात होती आणि वायरी सांभाळण्यासाठी तीच काढायची वेळ आली होती. त्या दिवशी मी मेन बंद करून झोपायच्या खोलीतला स्विचबोर्ड उघडायला लावला. आत रबरावर सुती वीण असलेली वायर. बोटाने जरा वाकवली तर रबराचा भुगा तळहातावर पडला आणि तांबं उघडं दिसायला लागलं.

नव्या वायरिंगला नऊ दिवस लागले, धूळ झाली. भिंती फोडायच्या नव्हत्या म्हणून वरून पीव्हीसीची केसिंग-केपिंग पट्टी घेतली. ती दिसते, हे कबूल. आम्हाला आता जाणवत नाही. दिव्यांना 1.5, प्लगना 2.5, गिझरला स्वतंत्र 4 चौरस मिलिमीटर, आणि प्रत्येक प्लगला अर्थिंग, जे आधी निम्म्या प्लगना नव्हतंच. आरसीसीबी दोन घेतले, निम्म्या निम्म्या घराला एकेक.

तुमच्या वायरी पीव्हीसीच्या, तांब्याच्या, अर्थसकट तीन तारी असतील आणि 500 व्होल्टच्या मेगरवर प्रत्येक सर्किट एक मेगओहमच्या बरंच वर दाखवत असेल, तर नुसता डीबी बदलून भागेलही. रबर-सुताची वायर निघाली तर मात्र डीबीवर थांबू नये, असं मला वाटतं. एकदम झेपत नसेल तर ओल येणाऱ्या खोल्या आधी घ्या.

नवं वायरिंग झाल्यापासून आरसीसीबी एकदाच पडला, गिझरची कॉइल गेली तेव्हा. निम्म्या घरात दिवे चालूच होते. गिझरचा प्लग काढला, खटका वर केला, आणि तो राहिला.